नायकावाचून मेळा

मनमाड हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत फारसे आढळत नाही. परंतु रेल्वेच्या वेळापत्रकात त्याच्याइतके मानाचे स्थान फार थोड्या गावांच्या वाट्यास आले आहे. थळघाट चढून नाशिकवरून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग येथून पुढे खानदेशाकडे जातो. १८७८ साली दौंडहून अहमदनगरवरून आलेला फाटा त्यास येथे मिळाला. आणि एकोणिसावे शतक संपून विसावे सुरू होण्याच्या सुमारास निजामाच्या मुलुखातून, औरंगाबादवरून, गोदावरीच्या खोऱ्यातील मीटर गेजचा मार्गही येथेच येऊन थांबला. रुळांची रुंदी निराळी असल्यामुळे एका मार्गावरील माल दुसऱ्यावर न्यावयाचा म्हणजे एक डबा रिकामा करून दुसरा भरावा लागे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मीटर गेज गेले आणि ही उलथापालथ थांबली. तरी धान्याची पोती आणि मनमाड यांचे नाते तुटले नाही, कारण भारतीय अन्न महामंडळाची प्रचंड कोठारे येथेच आहेत.

जेथे धान्य तेथे मुंगी, हे सांगण्यास पंडित नको. रुळाच्या कडेला सांडलेल्या चार दाण्यांपाशी घटकाभरात मुंग्यांची एक रांग लागते. ती रांग आणि शेजारून जाणारी मालगाडी यांच्याकडे एकाच वेळी पाहिले असता विचारी मनुष्यास एक प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. मालगाडीमागे स्टेशनमास्तर आहे, सांधेवाला आहे, गार्ड आहे, आणि या सर्वांच्या हाती नियमांचे जाडजूड पुस्तक आहे. मुंग्यांच्या रांगेमागे कोण आहे? वाट कोणी आखून दिली? कोणती मुंगी कोणत्या दाण्याकडे जाईल हे कोणी ठरविले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांची दोन-तीन पिढ्यांची हयात गेली. आणि उत्तर हाती येऊ लागताच ते लोखंडात व तांब्यात उतरविण्याचा खटाटोप सुरू झाला. बुद्धीने अगदी बेताचे असे शेकडो यंत्रमानव एकत्र आणावेत, त्यांच्यावर कोणी नायक नेमू नये, आणि तरीही त्यांच्याकडून शहाणपणाचे काम करवून घ्यावे, ही ती विद्या होय. तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पूर्वीच्या लोकांना या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटे. मेळा आहे म्हणजे त्यास राजा असलाच पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. पंचतंत्रातील कबुतरे जाळ्यासकट उडाली ती त्यांचा राजा चित्रग्रीव याच्या आज्ञेने. आपल्या राजनीतीच्या ग्रंथांतही राजावाचून जो समाज त्यास मात्स्यन्याय, म्हणजे मोठ्या माशाने लहानास गिळण्याची स्थिती, असेच नाव आहे. पश्चिमेकडेही निराळा विचार नव्हता. पोळ्यातील मोठी माशी हा त्या राज्याचा राजा होय, असे ॲरिस्टॉटल समजत असे. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच शास्त्रज्ञाने तिची चिरफाड करून पाहिली, तेव्हा आत अंडाशय सापडला व राजाची राणी झाली. परंतु राणी हे नावही फसवेच आहे. मधमाशीची काय किंवा मुंगीची काय, राणी अंडी घालते. आज कोणी कोठे जावे, वारूळ कोणत्या बाजूस वाढवावे, हे ती कोणास सांगत नाही. सिंहासन आहे, पण त्यावरून हुकूम सुटत नाहीत, असा हा विलक्षण दरबार आहे.

हुकुमावाचून बांधकाम कसे होते, याचा पहिला पक्का उलगडा पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९५९ साली केला. त्याने वाळवीचा अभ्यास केला होता. वारूळ महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? नागपंचमीस त्याची पूजा होते. पण त्यात नाग राहावयास येण्यापूर्वी ते बांधणारी वाळवी असते आणि ती आंधळी असते. ग्रासे याने पाहिले की, कामकरी वाळवी मातीची गोळी लाळेत भिजवून कोठेतरी ठेवते. प्रथम या गोळ्या विखुरलेल्या असतात. योगायोगाने दोनचार गोळ्या एके ठिकाणी आल्या, म्हणजे तो लहानसा ढीगच पुढच्या वाळवीस आपली गोळी तेथे ठेवण्याची प्रेरणा देतो. ढीग वाढतो, त्याचा खांब होतो. दोन खांब जवळ असले तर ते एकमेकांकडे झुकतात व कमान पुरी होते. एक वाळवी दुसरीस काही सांगत नाही; अर्धवट झालेले कामच पुढील कामकऱ्यास काय करावयाचे ते सांगते. या रीतीस त्याने ग्रीक भाषेतील खूण व काम या अर्थांचे दोन शब्द जोडून ‘स्टिग्मर्जी’ असे नाव दिले. वाळवीच्या बांधकामात गंधाचा वाटा किती व ओलाव्याचा किती, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. परंतु जागेवर ठेवलेली खूण हीच चिठ्ठी, हे ग्रासेचे मूळ तत्त्व टिकून राहिले.

मुंग्यांच्या बाबतीत हेच तत्त्व ब्रुसेल्स येथे झॉं-लुई दनूबूर व त्याच्या सहकाऱ्यांनी एका साध्या प्रयोगाने सिद्ध केले. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मुंग्यांचे घर आणि खाद्य यांच्यामध्ये एक पूल ठेवला. मध्येच त्याचे दोन फाटे होत व पुढे ते पुन्हा मिळत. एक फाटा आखूड, दुसरा लांब. आरंभी मुंग्या दोन्ही फाट्यांनी सारख्याच गेल्या, कारण कोणता आखूड हे कोणासच माहीत नव्हते. परंतु चालताना मुंगी एक गंधद्रव्य मागे सोडीत जाते आणि जेथे गंध अधिक तेथे वळते. आखूड फाट्याने गेलेल्या मुंग्या लवकर परत आल्या. त्यामुळे त्या फाट्यावर गंध लवकर साचला. त्यामुळे आणखी मुंग्या तिकडे वळल्या. आणि थोड्याच वेळात बहुतेक सारी रांग आखूड वाटेने जाऊ लागली. एकाही मुंगीने दोन अंतरांची तुलना केली नव्हती. तुलना झाली ती वाटेवर, मुंग्यांच्या डोक्यात नव्हे.

याच प्रयोगाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही, पण तीच अधिक विचार करण्याजोगी आहे. मुंग्यांना प्रथम केवळ लांब फाटा दिला, आणि तो मळल्यावर मागाहून आखूड फाटा उघडला, तर काय होते? मुंग्या लांब वाटेनेच जात राहतात. जुन्या वाटेचा गंध इतका दाट झालेला असतो की, शेजारी सोयीची वाट असूनही रांग तिकडे वळत नाही. ज्या नियमाने शहाणपण आले त्याच नियमाने हटवादही आला. पुढे मार्को डोरिगो या इटालियन संशोधकाने १९९२ सालच्या आपल्या प्रबंधात हीच युक्ती गणितास लावली, तेव्हा गंध हळूहळू उडून जाण्याची तजवीज त्याने मुद्दाम ठेवली. फिरत्या विक्रेत्याने सर्व गावे एकेकदा घेऊन कमीतकमी अंतरात घरी कसे परतावे, असल्या किचकट कोड्यांवर संगणकातील या काल्पनिक मुंग्यांचा चांगला उपयोग होतो, असे आढळून आले. विसरणे हाही बुद्धीचाच एक भाग आहे, हे त्या मुंग्यांनी शिकविले.

खुणेइतकेच महत्त्व शेजाऱ्याचे आहे, आणि हा धडा पक्ष्यांनी दिला. हिवाळ्यात ज्वारी भरात आली की महाराष्ट्रातील शेतांवर भोरड्यांचे, म्हणजे पळसमैनांचे, थवे उतरतात. सायंकाळी तो थवा आकाशात वळतो तेव्हा एखादी चादर कोणी झटकावी तसा दिसतो. हजार पक्षी, पण टक्कर नाही. १९८६-८७ च्या सुमारास क्रेग रेनल्ड्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने पडद्यावर असे काल्पनिक पक्षी उडविले, आणि प्रत्येकास अवघे तीन नियम दिले: शेजाऱ्यास धडकू नये; शेजाऱ्यांच्या दिशेने व वेगाने जावे; शेजाऱ्यांपासून फार दूर पडू नये. एवढ्यावर पडद्यावरचा थवा खऱ्यासारखा वळू लागला. पुढे रोम शहरावर उडणाऱ्या मैनाजातीच्या पक्ष्यांची छायाचित्रे घेऊन इटालियन शास्त्रज्ञांनी मापे केली, व २००८ साली असे दाखविले की, प्रत्येक पक्षी सरासरी सहा-सात जवळच्या सोबत्यांकडेच लक्ष ठेवतो. थवा शंभराचा असो की हजारांचा, पक्ष्याचे जग त्या सहा-सातांचेच. चित्रग्रीव कोठेच नाही.

या ठिकाणी पुन्हा मनमाडकडे वळणे अवश्य आहे; कारण शेजाऱ्याच्या नियमावर हजारोंचा प्रपंच चालविण्याची युक्ती रेल्वेने या सर्व संशोधनाच्या कितीतरी आधी अंगीकारली होती. मुंबईकडे जाणारी गाडी मनमाडहून सोडावयाची तर मनमाडचा स्टेशनमास्तर मुंबईस विचारीत नाही. तो पुढचे स्टेशन जे समिट, त्यास घंटीच्या ठरावीक ठोक्यांनी विचारतो की, वाट मोकळी आहे काय? मागची गाडी पुरी आत आली असेल तरच समिटवाला ‘लाईन क्लिअर’ देतो. समिटवाला आपल्या पुढच्या स्टेशनास तेच विचारतो. अशा शेजाऱ्याने शेजाऱ्यास दिलेल्या शब्दांची साखळी जोडत जोडत गाडी शेकडो मैल जाते. पानेवाडीच्या स्टेशनमास्तरास कसाऱ्याच्या घाटात काय चालले आहे हे ठाऊक असण्याची गरज नसते.

एकेरी मार्गावर तर खूण आणि शेजारी या दोन्ही युक्त्या एकत्र आल्या. भारतात अनेक मार्गांवर नील याच्या बनावटीचे टोकनयंत्र दीर्घकाळ वापरात होते. दोन शेजारी स्टेशनांवर विजेच्या तारेने जोडलेली दोन यंत्रे असत आणि त्यांत धातूचे गोळे ठेवलेले असत. दोन्ही स्टेशनमास्तरांनी संमती दिली तरच एक गोळा बाहेर येई, आणि तो परत यंत्रात पडेपर्यंत दुसरा कोठूनही निघत नसे. गोळा पिशवीत, पिशवी वेताच्या किंवा तारेच्या कड्याला, आणि ते कडे धावत्या इंजिनाच्या ड्रायव्हरच्या हाती. गोळा हातात नसेल तर ड्रायव्हरने पुढे जावयाचे नाही. वाट अडलेली आहे की मोकळी, हे कोणास आठवावे लागत नसे. त्याची आठवण तो गोळाच ठेवी. वाळवीची मातीची गोळी आणि रेल्वेचा हा गोळा यांचे काम एकच होते.

मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे टेलिफोन आल्यावर सर्व गाड्यांवर नजर ठेवणारा नियंत्रकही आला. भुसावळ विभागाच्या नियंत्रण कक्षात बसलेला हा अधिकारी कोणती गाडी आधी काढावी व कोणती बाजूला घ्यावी हे ठरवितो. परंतु वाट मोकळी नसताना गाडी आत घालण्याचा हुकूम त्यास देता येत नाही. क्रम ठरविणे वरच्याच्या हाती. सुरक्षितता शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या करारात. ही विभागणी मोठ्या शहाणपणाची आहे, आणि यंत्रमानवांच्या इतिहासात तिची आठवण वारंवार येते.

यंत्रांमध्ये प्राणिसदृश वर्तन उतरविण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न ब्रिस्टल येथील बर्डन मज्जाविज्ञान संस्थेत विल्यम ग्रे वॉल्टर याने १९४८-४९ साली केला. त्याने कासवाच्या आकाराची दोन यंत्रे बनविली व त्यांस एल्मर आणि एल्सी अशी लाडकी नावे ठेवली. प्रत्येकात त्या काळच्या रेडिओत असत तसे अवघे दोन व्हॉल्व्ह, प्रकाश ओळखणारा एक डोळा, आणि धक्का लागल्याचे कळविणारे एक कवच. मंद प्रकाशाकडे जावे, प्रखर प्रकाशापासून हटावे, अडथळा लागला तर वळावे, एवढेच त्यांचे ज्ञान. परंतु दोघांच्या अंगावर लहानसा दिवा असल्यामुळे ती एकमेकांच्या दिव्याकडे ओढली जात, जवळ येताच बिचकून मागे सरत, आणि पाहणारास वाटे की ती काही खेळ करीत आहेत. दोन व्हॉल्व्हच्या पोटी इतकी लीला कोठून आली, याचे ग्रे वॉल्टरलाही नवल वाटले असावे. कासवे दोनच होती. पण साध्या नियमांच्या भेटीतून न सांगितलेले वर्तन जन्मास येते, हे त्यांनी प्रथम दाखविले.

त्यानंतर कितीतरी वर्षे यंत्रमानव म्हणजे एकच मोठे, महागडे व बुद्धिमान यंत्र, हीच कल्पना प्रबळ राहिली. १९८९ साली जेरार्डो बेनी व जिंग वांग यांनी इटलीत भरलेल्या एका परिषदेत ‘थव्याची बुद्धी’ हा शब्दप्रयोग यंत्रमानवांच्या संदर्भात रूढ केला, आणि दृष्टी बदलू लागली. एक शहाणा घडविण्याऐवजी अनेक साधे घडवावेत. त्यांतील चार मोडले तरी काम अडू नये. संख्या वाढली तरी नियम बदलावे लागू नयेत, हे नवे ध्येय झाले. २००१ ते २००५ या काळात डोरिगो याच्या नेतृत्वाखाली युरोपातील संशोधकांनी चिमट्यासारखा हात असलेले लहान यंत्रमानव बनविले. एकट्यास ओलांडता न येणारी खाच आली की ते एकमेकांस धरून साखळी करीत व पार होत. आणि एका प्रयोगात तर अनेकांनी मिळून एका लहान मुलास जमिनीवरून ओढून नेले.

या प्रवासातील सर्वांत मोठा मेळा अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात भरला. मायकेल रुबेनस्टाइन, अलेहांद्रो कोर्नेहो आणि अमृतसरमध्ये वाढलेल्या राधिका नागपाल यांनी २०१४ साली १०२४ यंत्रमानवांचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक यंत्र रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, सुमारे सव्वातीन सेंटिमीटर व्यासाचे. त्याच्या सुट्या भागांची किंमत चौदा डॉलरच्या आसपास. चाके नाहीत, तीन ताठ काड्यांसारखे पाय आणि थरथरणाऱ्या दोन लहान मोटारी, त्यामुळे ते घसटत घसटत सरकते. बोलणे अवरक्त किरणांनी, तेही टेबलावरून परावर्तित होऊन सुमारे दहा सेंटिमीटरच्या आतील शेजाऱ्यांपर्यंतच पोचणारे. आपण कोठे आहोत हेही त्यास आरंभी कळत नाही.

अशा दुबळ्या जीवांकडून चांदणीसारखी आकृती बनवून घ्यावयाची होती. प्रथम चार यंत्रे खूण म्हणून एका जागी ठेवली. त्यांस शून्य हा आकडा. त्यांच्या शेजाऱ्यांस एक. त्यांच्या शेजाऱ्यांस दोन. याप्रमाणे प्रत्येकाने शेजाऱ्यांतील लहानात लहान आकड्यात एक मिळवून आपला आकडा ठरवावयाचा. कडेची यंत्रे जमावाच्या काठाने सरकत जात. जागा निश्चित झालेल्या शेजाऱ्यांपासूनची अंतरे मोजून प्रत्येक जण आपली जागा ओळखी, आणि आकृतीच्या आत शिरल्यावर योग्य ठिकाणी थांबे. सुमारे बारा तासांनी टेबलावर चांदणी उमटली. कोठे ती किंचित वाकडी होती, मध्येच एखादे यंत्र बंद पडल्याने मागे खोळंबाही झाला. परंतु शेजाऱ्यांनी तो खोळंबा ओळखावा अशी तरतूद असल्यामुळे काम बुडाले नाही. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. चांदणीचे चित्र प्रत्येक यंत्रात माणसानेच आधी भरून ठेवले होते. कसे जमावे हे मेळ्याने ठरविले. काय व्हावे हे मेळ्याबाहेरच्या मनुष्याने. त्याच वर्षी नागपाल यांच्याच प्रयोगशाळेतून वाळवीचा कित्ता गिरविणारी, विटांवर चढून विटा रचणारी यंत्रेही प्रसिद्ध झाली. तेथेही इमारतीचा आराखडा माणसाचाच होता.

महाराष्ट्रातही या विद्येचे वारे पोचले आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘ई-यंत्र’ उपक्रमाने देशभरातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या हाती लहान यंत्रमानव दिले व त्यांच्या स्पर्धा सुरू केल्या. २०१९ साली प्रमोद घाडगे व शाहिद मेमन यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या ‘अनबॉक्स रोबोटिक्स’ने टपालाची पुडकी गावोगावच्या पत्त्यांनुसार वेगळी करणारे लहान यंत्रमानव तयार केले, आणि त्यांची वाहतूक थव्याच्या बुद्धीच्या धर्तीवर चालते असे ती सांगते. जे काम पूर्वी शेकडो हात करीत तेच हे. पोत्यांच्या राशींशेजारी वाढलेल्या मनमाडसारख्या गावास यातील अर्थ कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पाठीवरचे ओझे उतरले तर आनंदच आहे. परंतु ओझ्याबरोबर पोटाची भाकरीही उतरली, तर तिची व्यवस्था कोणी करावयाची, हे यंत्रांच्या नियमात लिहिलेले नसते. ते माणसांनाच लिहावे लागते.

पाहणारास एकत्र हालणारे सर्वच काही थवा दिसते. पण तसे ते नसते. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’च्या सोहळ्यात एक हजार ड्रोन आकाशात उडाले व त्यांनी नाना आकृती काढल्या. तो देखावा अपूर्व होता, परंतु अशा खेळात प्रत्येकाची वाट आधीच आखून दिलेली असते. ती कवायत होय. भोरड्यांचे उड्डाण नव्हे. खऱ्या थव्यात वाट आधी कोणासच माहीत नसते, व यातच त्याचे सामर्थ्य आणि त्याचे भय दोन्ही साठलेली आहेत. त्यापूर्वी एक वर्ष, १५ जानेवारी २०२१ च्या सेनादिनी, भारतीय सेनेने पंच्याहत्तर ड्रोनांच्या थव्याचे लढाऊ प्रात्यक्षिक दाखविले. जगातील इतर सेनाही याच मार्गावर आहेत. एका सैनिकाच्या हातून चूक झाली तर त्याचे नाव घेता येते. थव्याच्या हातून चूक झाली तर नाव कोणाचे घ्यावयाचे?

निसर्गातील मेळ्यांच्या चुकाही भयंकर असतात. विल्यम बीब या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या अरण्यात पाहिलेली एक हकीकत १९२१ साली प्रसिद्ध केली. लष्करी मुंग्यांची एक रांग वाट चुकून आपल्याच शेपटास येऊन मिळाली होती. सुमारे बाराशे फूट घेराचे ते वर्तुळ होते आणि एका मुंगीस पुरा फेरा करण्यास अडीच तास लागत. प्रत्येक मुंगी पुढच्या मुंगीच्या मागे इमानाने चालत राहिली, आणि बहुतेक चालता चालताच मेल्या. नियम मोडणारी एकही नव्हती. नियम पाळल्यामुळेच नाश झाला. ब्रुसेल्सच्या मुंग्या ज्या गुणाने आखूड वाट शोधून काढतात, त्याच गुणाचे हे दुसरे टोक. मेळ्यास आपला मेळा बाहेरून पाहता येत नाही.

म्हणून या साऱ्या इतिहासाचे सार काढावयाचे तर ते असे निघते. बुद्धी एकाच डोक्यात असावी लागते हा समज खोटा ठरला. ती नियमात असू शकते, वाटेवर ठेवलेल्या खुणेत असू शकते, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्यास दिलेल्या शब्दात असू शकते. परंतु जबाबदारीचे तसे नाही. ती वाटून वाटून शून्यावर आणता येत नाही. मुंगीस तिचा नियम निसर्गाने कोट्यवधी वर्षांच्या कसोटीतून दिला, व त्याचा जाब कोणी मागत नाही. यंत्रमानवास त्याचा नियम मनुष्य एका दुपारी लिहून देतो, आणि त्याचा जाब त्या मनुष्यास दिलाच पाहिजे. मेळ्यास नायक नसेल. मेळ्याच्या नियमास कर्ता असतो.

रेल्वेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. तिने सुरक्षितता शेजाऱ्यांच्या हाती दिली, पण नियमांचे पुस्तक कोणी लिहिले व ते कोणी बदलावयाचे हे कधी संदिग्ध ठेवले नाही; आणि एखादा अपघात घडला की चौकशी केवळ गोळ्याची होत नसे, गोळ्याच्या नियमाचीही होई. नव्या यंत्रांच्या मेळ्यास हीच शिस्त लागू करता आली, तर माणसाने मुंगीकडून काही शिकले आणि मुंगीस जे जमले नाही तेही साधले, असे म्हणता येईल. मनमाडच्या फलाटावर आजही कोठूनतरी गाडी येते आणि पुढील वाट मोकळी झाल्यावाचून ती हालत नाही. फलाटाखालच्या दगडांत मुंग्यांची रांग आपल्या गंधाच्या वाटेने चालू असते. दोन्ही रांगांना पुढचे फार थोडे दिसते. एकीसाठी दूरवर पाहणारा कोणी नाही. दुसरीसाठी तो असलाच पाहिजे.